पंचवटीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: कीटनची भिंत आणि दोन इंच

पंचवटीकर, मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: कीटन हा कसरतपटू, त्याला चित्रपटकार म्हणणं ही अतिशयोक्ती; भिंत अंगावर कोसळूनही वाचला ते नशीब; अनेक चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून दुसऱ्यांचीच नावं; बोलपट आल्यावर बोलता येईना म्हणून संपला; आणि फाळक्यांच्या नाशकात बसून या अमेरिकन माणसाचे गोडवे कशाला? शिवाय शाळेतल्या मुलांना दाखवला तर ती अर्ध्यात उठून जातील, असंही तुम्ही म्हणता.

आधी भिंत. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (1928) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीची चौकट कीटनभोवतीनं जमिनीवर येते. तो जागचा हलत नाही. भिंत हलकी केली असती तर धोका कमी झाला असता, असं वाटतं ना? उलट आहे. वादळासाठी विमानाची इंजिनं लावून वारा सोडला होता. त्या वाऱ्यात हलकी भिंत पिळवटली असती आणि चौकट वीतभर बाजूला पडली असती. म्हणून ती मुद्दाम जड केली, सुमारे दोन टनांची. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर मोकळी जागा होती फक्त दोन-दोन इंच.

आता खिडकी इतकी वर का, ते बघा. भिंत तळाशी बिजागरीसारखी फिरते. माणूस तळापासून जितका लांब उभा, तितक्याच उंचीवर चौकटीचा खालचा काठ हवा, हे उघड आहे. पण वरचा काठ किती वर हवा? माणसाची उंची साडेपाच फूट धरा. तो सहा फुटांवर उभा असेल तर चौकटीत दोन फुटांहून जास्त जागा लागते. वीस फुटांवर उभा असेल तर जेमतेम नऊ इंच, अधिक अंगाची जाडी. (काटकोन त्रिकोण मांडून बघा, दहावीचं पायथागोरस पुरतं.) हे आकडे उदाहरणाचे आहेत, सेटचे नव्हेत, पण पोटमाळ्याच्या लहानशा खिडकीतून माणूस सुटतो तो याच हिशेबानं. खालच्या मजल्यावरची खिडकी घेतली असती तर ती बरीच मोठी करावी लागली असती, आणि मग हसू कसलं येणार? पडणाऱ्या भिंतीत चूक होते ती उभं राहण्याच्या जागेत, म्हणून टाच कुठे ठेवायची ते आधी ठरलेलं असतं आणि त्यानंतर इंचभरही हलायचं नसतं.

शिवाय हा प्रकार पहिल्यांदा झाला नव्हता. 'बॅक स्टेज' (1919) मध्ये रंगमंचावरचा हलका देखावा विनोदी नट रॉस्को आर्बकलवर असाच पडतो. 'वन वीक' (1920) मध्ये लहान घराची भिंत खुद्द कीटनवर येते. तिसऱ्या खेपेला वजन वाढलं, वारा आला. नऊ वर्षांत एकच युक्ती तीनदा मोठी करत नेणाऱ्याला नशीबवान म्हणायचं असेल तर म्हणा.

जाता जाता, त्या चित्रपटाचा शेवट आधी महापुराचा ठरला होता. 1927 मध्ये मिसिसिपीला भयंकर पूर आला आणि पुराऐवजी वादळ घ्यावं लागलं. गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडालेला पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हिशेब चुकला की काय होतं, तेही त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. 'शेरलॉक ज्युनियर' (1924) मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा नळ त्याच्यावर सुटतो. पाण्याचा दाब अंदाजापेक्षा फार जास्त निघाला, तो खाली फेकला गेला आणि मान रुळावर आपटली. मानेचं हाड मोडलं होतं हे बऱ्याच वर्षांनी एक्स-रेमध्ये कळलं. त्याआधी 1921 मध्ये 'द इलेक्ट्रिक हाऊस'च्या सेटवर सरकत्या जिन्यात पाय अडकून घोटा मोडला. निव्वळ कसरतपटू असता तर पाय बरा होईपर्यंत घरी बसला असता. त्यानं कॅमेऱ्याच्या युक्त्यांवर उभा असलेला 'द प्लेहाऊस' केला.

त्यात रंगमंचावर एका ओळीत नऊ कीटन दिसतात. कॅमेऱ्यासमोर प्रकाश न शिरणारी पेटी, तिला नऊ उभ्या झडपा. एक झडप उघडायची, एका कीटनचं चित्रीकरण करायचं, झडप बंद, फिल्म मागे गुंडाळायची, दुसरी झडप उघडायची. असं नऊ वेळा, तीच फिल्म. कॅमेरा हातानं फिरवायचा. त्या काळच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात फिल्मच्या आठ चौकटी (फ्रेम) जात, म्हणजे सेकंदाला दोन फेऱ्या झाल्या की सोळा. नवव्या वेळी हात किंचित जलद पडला तर तो नववा कीटन बाकीच्यांच्या तालातून निसटणार. फिल्म मागे घेताना एक चौकट इकडेतिकडे झाली, तिपाई केसभर सरकली, की आधीचे आठही वाया. कीटन ठोक्यावर हालचाल करायचा, आणि हँडल कॅमेरामन एल्गिन लेस्लीच्या हातात होतं. श्रेय वाटायचं असेल तर लेस्लीला भरघोस द्या, माझी हरकत नाही.

नाशिकचा मुद्दा इथेच येतो. फाळके 1913 मध्ये इथे आले आणि 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. 'कालियामर्दन' 1919 चा. कॅमेरा तसाच हातानं फिरवायचा, आणि चमत्कारही कॅमेऱ्यातच घडवायचे. तेव्हा फाळक्यांच्या गावात कीटन परका कसा? फरक मला हेतूत दिसतो. 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांच्या मुलीचा, मंदाकिनीचा, कृष्ण कालियाशी झुंजतो तेव्हा ते खरं वाटायला हवं, युक्तीची आठवणसुद्धा नको. कीटनची भिंत पूर्ण देहासकट, एकाच दृश्यात, मध्ये न कापता दाखवलेली आहे, कारण ते प्रत्यक्ष घडलं हे प्रेक्षकाला कळल्याशिवाय विनोद होत नाही.

दिग्दर्शकांची नावं. 'स्टीमबोट'वर चार्ल्स राइस्नर, 'द जनरल'वर कीटनसोबत क्लाइड ब्रकमन, हे खरं. पण 'शेरलॉक ज्युनियर'वर एकट्या कीटनचं नाव आहे, आणि त्यातला पडद्यात शिरण्याचा प्रसंग बघाच. मागचं दृश्य बदलत राहतं, बाग, रस्ता, कडा, समुद्र, आणि तो मात्र जागच्या जागी. दर वेळी कॅमेऱ्यापासूनचं अंतर टेपनं आणि मोजणीवाल्यांच्या यंत्रानं घेतलेलं.

दिग्दर्शकाची खरी परीक्षा मात्र कापाकापीत होते. 'द नेव्हिगेटर' (1924) मध्ये पाण्याखाली मासे थांबवून-सोडून तो वाहतूक पोलीस बनतो, असा मोठ्या खर्चाचा प्रसंग होता. जाहिरातीच्या तुकड्यात लोक हसले, चित्रपटात कोणी हसेना. कारण तोवर नायिका संकटात सापडलेली असते आणि हा खाली खेळत बसलेला. कीटननं तो प्रसंग काढून टाकला. 'सेव्हन चान्सेस' (1925) च्या चाचणी खेळात उतारावर त्याच्या पायानं तीन दगड सुटले आणि अनपेक्षित हशा आला. त्यानं परत जाऊन कागदी लगद्याचे शेकडो दगड करवले आणि डोंगर अंगावर आणला. आज त्या चित्रपटातलं लोकांच्या लक्षात राहतं ते तेवढंच.

बोलपटाबद्दल थोडक्यात. आवाज त्याला होता, घोगरा पण स्वच्छ. 'फ्री अँड ईझी' (1930) ची स्पॅनिश आवृत्तीसुद्धा त्यानंच, उच्चार पाठ करून केली. त्याचे सुरुवातीचे बोलपट पैसाही कमावत होते. बिघडलं ते 1928 मध्ये, एमजीएम या मोठ्या स्टुडिओकडे गेल्यावर. तोवर त्याची रीत अशी होती: सुरुवात आणि शेवट पक्का, मधलं सेटवर शोधायचं, अडलं की सगळ्यांनी मिळून बेसबॉल खेळायचा. नव्या ठिकाणी पटकथा आधी मंजूर, वेळापत्रक छापील, धोक्याची कामं बंद. जो प्रसंग मोजून, मोडून, पुन्हा बांधून तयार होतो तो कागदावर कसा मंजूर होणार? दारू होतीच, 1933 मध्ये नोकरीही गेली. पण क्रम लक्षात घ्या: आधी कामावरचा ताबा हातातून गेला.

राहिली मुलं. 'द जनरल'नं सुरुवात करू नका. तो उत्तम आहे, पण आगगाडीचा पाठलाग रंगेपर्यंत मुलं चुळबुळ करतील. 'वन वीक' लावा, वीस-पंचवीस मिनिटांचा, चुकीच्या क्रमानं जोडलेलं घर, शेवटी रेल्वे. यूट्यूबवर एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती असतात. माणसं मुंग्यांसारखी पळताना दिसली तर ती प्रत जास्त वेगानं चढवलेली समजा. दुसरी शोधा किंवा सेटिंगमध्ये वेग 0.75 करा. संगीत बहुतेकदा नंतर चिकटवलेलं असतं, ते बंद केलं तरी चालेल. इंग्रजी पाट्या एकानं मोठ्यानं मराठीत वाचाव्यात, आणि घर रुळांवर अडकतं तिथे वाचणाऱ्यानं गप्प राहावं, कारण त्या घराला धडकणारी रेल्वे आपल्याला वाटते ती नसते.