खोट्या दागिन्यांची खाज आणि ‘सोनेरी गुडघा’

गुडघा बदलायची तारीख ठरली की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. आशय असा: ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज येते त्यांचं शरीर साधा गुडघा स्वीकारत नाही, त्यांनी टायटॅनियमचा किंवा सोनेरी बसवावा, त्याची ॲलर्जी होत नाही आणि तो तीस वर्षं टिकतो. यातला एक दावा अर्धा खरा आहे. बाकीचे तपासून घेऊ.

‘खाज येते, म्हणजे गुडघा नाकारला जाईल’

खोट्या दागिन्यांची खाज बहुधा निकेलमुळे येते. ही त्वचेची ॲलर्जी साधारण दहात एकाला असते, बायकांत जास्त. त्या सगळ्यांचे गुडघे बिघडले असते तर एव्हाना ओरड झाली असती. डेन्मार्कमध्ये सांधेरोपणाची नोंदवही आणि पॅच टेस्टच्या (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी पाहण्याच्या) नोंदी एकमेकींशी जुळवून पाहिल्या (2015): गुडघा पुन्हा बदलावा लागलेल्यांत आणि न लागलेल्यांत ॲलर्जीचं प्रमाण सारखंच निघालं. दोन किंवा अधिक वेळा बदलावा लागलेल्यांत मात्र कोबाल्ट-क्रोमची ॲलर्जी जास्त दिसली. आधी ॲलर्जी की आधी बिघाड, हे त्यावरून ठरत नाही.

शिवाय साध्या गुडघ्याच्या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूत क्रोमियम 27 ते 30 टक्के, मॉलिब्डेनम 5 ते 7 टक्के, बाकी बहुतांश कोबाल्ट. ज्याची भीती घातली जाते ते निकेल एक टक्क्याच्याही आत.

या भीतीचं बरंचसं मूळ कृत्रिम खुब्यात आहे. 2010 मध्ये परत मागवलेल्या ‘एएसआर’ नावाच्या खुब्यांमध्ये धातू धातूवर घासत होता. गुडघ्यात धातू प्लॅस्टिकवर सरकतो.

‘मग टायटॅनियमचा घ्या’

गुडघ्याचे मुख्य भाग तीन: मांडीच्या हाडावरची टोपी (फीमर), नडगीवरची प्लेट (ट्रे) आणि मधली पॉली (प्लॅस्टिकची चकती). उघडं टायटॅनियम घासायला मऊ. पॉलीवर सरकताना ओरखडतं आणि सांध्यात काळपट चुरा सोडतं. त्यामुळे ‘टायटॅनियमचा गुडघा’ म्हणून सांगितलं जातं तेव्हा बऱ्याचदा फक्त ट्रे टायटॅनियमचा असतो, फीमर कोबाल्ट-क्रोमचाच.

‘सोनेरीला ॲलर्जी नसते’

अर्धं खरं ते इथे. त्यात सोनं नाही. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा. निर्वात कक्षात धातूवर चढवलेला हा थर काही मायक्रॉन जाड असतो (केस साधारण 70 मायक्रॉन), आणि खाली बहुधा तेच कोबाल्ट-क्रोम. थर शाबूत असेपर्यंत धातूचे आयन (अतिसूक्ष्म कण) कमी सुटतात, हे खरं. पण गुडघा हाडाला चिकटवणाऱ्या सिमेंटचा कण किंवा हाडाचा तुकडा मध्ये अडकला की थरावर चरा पडतो. म्हणून सिमेंट घट्ट झाल्यावर, शेवटी पॉली बसवण्याआधी, मागच्या कोपऱ्यातला चुरा काढून सांधा धुणं कोटिंगइतकंच महत्त्वाचं.

काळा गुडघा वेगळा. तो झिर्कोनियम-नायोबियमचा, हवेत तापवल्यावर त्याचाच पृष्ठभाग सुमारे 5 मायक्रॉन सिरॅमिक होतो. निकेल जवळपास नाहीच.

कुठलाही घ्या, ट्रे कशाचा हे विचारा. वर सोनेरी फीमर आणि खाली विनाकोटिंग कोबाल्ट-क्रोमचा ट्रे, तर जादा पैसे कशाचे? 2017 मध्ये सरकारने किमतींवर मर्यादा घातली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोम संचाला 54,720 रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमला 76,600 रुपये ठरले होते, जीएसटी वेगळा.

‘तीस वर्षं टिकतो’

हा आकडा सोनेरीचा नाहीच. काळा फीमर आणि विशिष्ट पॉली या जोडीला यंत्रात 4.5 कोटी वेळा हलवून तो काढलेला. नेदरलँड्समध्ये 101 रुग्णांत सोनेरी आणि साध्याची तुलना झाली. पाच वर्षांनी फरक दिसला नाही.

मग पॅच टेस्ट कोणी करायची?

सरसकट नको. आधीच्या प्लेट-स्क्रूभोवती चट्टे उठले असतील किंवा धातूने फोड येत असतील, तर करा. पाठीवर निकेल सल्फेट 5%, कोबाल्ट क्लोराइड 1%, पोटॅशियम डायक्रोमेट 0.5% दोन दिवस चिकटवतात. दुसऱ्या-चौथ्या दिवशी पाहून थांबू नका. धातूची प्रतिक्रिया उशिरा येते, सातव्या दिवशीही पाहा. सोबत सिमेंटमधले बेंझॉइल पेरॉक्साइड आणि जेंटामायसिन (अँटिबायोटिक) लावून घ्या, कारण दोष सिमेंटचा असेल तर कोटिंगचा काही उपयोग नाही. ठळक पॉझिटिव्ह आणि तसाच पूर्वेतिहास, दोन्ही असतील तर कमी निकेलचा गुडघा निवडणं रास्त.

ऑपरेशननंतर टाक्यांभोवती पुरळ आलं तर आधी ग्लू, ड्रेसिंगची चिकटपट्टी आणि बीटाडीनवर संशय घ्या. गुडघा दुखत राहिला तर आधी संसर्ग पाहायला रक्तातलं सीआरपी, ईएसआर आणि सांध्यातलं पाणी तपासा; शक्य असेल तर त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाहीतर कल्चर (त्या पाण्यातले जंतू वाढवून पाहणं) खोटं निगेटिव्ह येतं. मग ढिलेपणा, फीमर किंवा ट्रे फिरून बसणं, खुब्याचं किंवा कंबरेचं दुखणं. ॲलर्जीचं नाव सगळ्यात शेवटी.

आणि डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवून घ्या: फीमर, ट्रे, पॉली, तिघांचे.