राखणदारच सामील

तुमच्या कॅन्सरवरच्या लेखातलं 'इम्युनोथेरपी (शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारे उपचार) आता सगळ्याच कॅन्सरवर चालते' हे वाक्य तेवढं दुरुस्त करा. स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून झालेल्या गाठीवर ती बहुतेकदा फारशी चालत नाही. या गाठीत जनुकीय बदल कमी, म्हणून परकी वाटतील अशी प्रथिनंही कमी. परक्याला ओळखून मारणाऱ्या टी पेशींना ही गाठ घरचीच वाटते. आल्याच तर कडेला रेंगाळतात. मॅक्रोफेज, म्हणजे नको ते गिळून टाकणाऱ्या रक्षक पेशी, मात्र शिरतात, आणि गाठ खायची सोडून तिला नव्या रक्तवाहिन्या फुटायला हातभार लावतात. ऊस राखायला ठेवलेल्यानंच मोळ्या बांधाव्यात तसं! पीडी-१ (टी पेशींवरचा ब्रेक) सोडवणारी इम्युनोथेरपीची औषधं झोपलेल्या टी पेशींना उठवतात, पण त्या तिथं असायला तर हव्यात.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांना अशीच, इन्सुलिन सोडणारी गाठ होती. पहाटे बनियन घामानं चिंब, तोंडानं असंबद्ध बडबड. मामी गूळपाणी पाजायची, की थोड्या वेळात "अगं, चहा ठेवलास काय?" म्हणत ताळ्यावर. वर्षभर फिटच्या गोळ्या चालल्या. (देवऋषीही झाला, ते सोडा.) शेवटी बेळगावात एका तरुण डॉक्टरनं बडबड चालू असतानाच रक्तातली साखर बघितली: ३८, म्हणजे फारच कमी; जादा इन्सुलिननं उतरलेली. शेंगदाण्याएवढी गाठ, ऑपरेशननं सुटली. बहुतेक इन्सुलिनोमा (इन्सुलिन सोडणाऱ्या गाठी) असेच सौम्य असतात.

पसरलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी हार्मोन दाबणारं ऑक्ट्रिओटाइड आहे, ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी औषध आहे. दुसऱ्याला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. आणि हो, स्टीव्ह जॉब्सना २००३ मध्ये सापडलेली गाठही न्यूरोएंडोक्राइनच. लेखात ती नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये घातली आहे.