‘साडेपाच तास मिळवा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांना

माझी भाची खराडीत पहिलीच नोकरी करते. परवा रात्री तिनं मला एक मेसेज फॉरवर्ड केला. वर लिहिलं होतं, ‘मावशी, हे वाच. किती सोपं करून सांगितलंय! आम्ही उगाच डोकं फोडत होतो.’ तोच मेसेज त्या आठवड्यात माझ्या आणखी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, अंगठे आणि टाळ्यांसकट. त्यातले पाच मुद्दे असे: सगळ्या वेळा यूटीसीत (जगभरच्या सामायिक प्रमाण वेळेत) साठवा, विषय संपला. टाइमझोन म्हणजे फक्त ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, +५:३० लिहिलं की झालं. ॲप भारतापुरतं असेल तर तेवढंही नको, कारण भारताचं घड्याळ कधी बदललंच नाही. वेळेपुढे ‘आयएसटी’ लिहावं, सगळ्यांना कळतं. आणि झोनचा डेटाबेस (कुठलं घड्याळ कधी बदलतं याची जगभराची नोंद) हौशी लोक चालवतात, नियम क्वचित बदलतात, तेव्हा अपडेटच्या मागे लागू नका.

इतर कुणी पाठवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण भाची ज्या ॲपवर काम करते ते औषधांची आठवण करून देणारं आहे, आणि या मेसेजवर विसंबून तिनं कोड लिहायला घेतला होता.

म्हणून पहिल्यांदा यूटीसी. घडून गेलेल्या गोष्टींसाठी हा सल्ला बरोबर आहे, हे मला मान्य करावंच लागेल. पैसे किती वाजता गेले, सर्व्हर कधी बंद पडला, हे क्षण एकदाच घडले आणि संपले. ते खुशाल यूटीसीत ठेवा. पण पुढे घडायच्या गोष्टी माणसं घड्याळाच्या काट्यावर ठरवतात. ‘सकाळी साडेसहा, उपाशीपोटी’ हा काही विश्वातला एक क्षण नाही. माणूस जिथे असेल तिथली ती सकाळ आहे.

माझ्या आईची थायरॉइडची गोळी साडेसहाची. मागे एका नोव्हेंबरात ती माझ्या भावाकडे शिकागोला गेली. तिच्या फोनमधल्या ॲपनं (भाचीचं नव्हे, दुसरंच) पुण्यातले साडेसहा म्हणजे यूटीसी १:०० असं साठवून ठेवलं होतं. शिकागोत तेव्हा यूटीसीच्या सहा तास मागे घड्याळ असतं. म्हणजे गजर वाजला संध्याकाळी सात वाजता, पानं वाढून झाल्यावर. आई फोनचं ऐकणारी. दोन दिवस तिनं जेवणाच्या तोंडावर गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी भावाच्या लक्षात आलं. थायरॉइडच्या गोळीवर निभावलं. तिथे इन्सुलिन असतं तर? ज्यानं तो कोड लिहिला त्यालाही बहुधा असंच कुणीतरी सांगितलं असणार, यूटीसीत ठेव, विषय संपला.

प्रवास सोडून द्या. माणूस घरी बसून असला तरी हे फसतं. मार्च २०२३ मधलं लेबनॉन घ्या. तिथलं घड्याळ उन्हाळ्यासाठी २६ मार्चला एक तास पुढे जायचं होतं. जेमतेम तीन दिवस आधी सरकारनं ते रमजान संपेपर्यंत पुढे ढकललं. काही संस्था आणि वाहिन्यांनी ते मानलं नाही आणि एका देशात दोन वेळा चालू झाल्या. मग सरकारनं माघार घेतली आणि २९ मार्चच्या रात्री काटे पुढे गेले. आता समजा कुणी बैरूतमध्ये २७ मार्चला सकाळी दहाची डॉक्टरांची वेळ महिनाभर आधी घेतली होती. ॲपनं उन्हाळी +३ धरून ती यूटीसी ७:०० अशी साठवली. सरकारी घोषणेनंतर ऑफसेट राहिला +२, आणि नवा डेटा घेतलेलं ॲप आता त्याच नोंदीवरून नऊ दाखवू लागलं. दवाखाना दहालाच. रुग्णानं काय म्हटलं होतं ते ॲपला आता आठवतच नाही, कारण ‘दहा’ हा आकडा आणि ‘बैरूत’ हे नाव त्यानं फेकून दिलं आणि स्वतःचं उत्तर तेवढं जपून ठेवलं. मूळ स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं नाव साठवा. यूटीसी त्यावरून काढा, शेजारी ठेवा, आणि नियम बदलले की पुन्हा काढा.

ऑफसेट म्हणजेच टाइमझोन, यावर पुण्यात बसून कुणी विश्वास ठेवतं याचंच मला आश्चर्य वाटतं. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येतो. कॅबच्या वेळा, घरच्या जेवणाच्या वेळा वर्षातून दोनदा हलतात. ऑफसेट हा त्या दिवसाचा आकडा आहे. झोन म्हणजे तो आकडा कधी बदलतो याचा सगळा इतिहास.

तिसरा मुद्दा, भारताचा, वाचून मी फोन बाजूला ठेवला. भारताचं घड्याळ कधी बदललं नाही? पुण्यातल्या कुठल्याही जुन्या ज्योतिषाला विचारा, दुसऱ्या महायुद्धातला जन्म असेल तर तो पत्रिका मांडण्याआधी एक तास वजा करतो. टाइमझोन डेटाबेसमध्ये ‘एशिया’ नावाची साधी मजकुराची फाइल आहे, कुणीही उघडून वाचावी. त्यात भारताची वेळ कोलकात्याच्या नावाखाली लिहिलीय: १९०६ पासून +५:३०, ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ +६:३०, पुन्हा १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ +६:३०. (मुंबई महापालिकेनं स्वतःची +४:५१ ची वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, ते मात्र या नोंदीत नाही. १९७० च्या आधीचं सगळं पुरवण्याची हमी हा डेटाबेस देतच नाही.)

हे इतिहासप्रेमींपुरतं आहे असं वाटत असेल तर हा हिशेब करा. एका आजोबांची जन्मतारीख १५ जानेवारी १९४३. सर्व्हरनं ती ‘त्या दिवशीची मध्यरात्र, कोलकाता’ अशी घेतली. त्यातल्या लायब्ररीला, म्हणजे वेळेचा हिशेब करणाऱ्या तयार कोडला, युद्धकाळ माहीत आहे, म्हणून तिनं साडेसहा तास वजा केले: १४ जानेवारी, यूटीसी १७:३०. मोबाइलवरच्या कोडनं मेसेजमधला मंत्र वापरून साडेपाच तास मिळवले: १४ जानेवारी, रात्रीचे अकरा. जन्मतारीख एक दिवस मागे गेली. आधार कार्डावर १५, ॲपमध्ये १४, आणि ऐंशी ओलांडलेला माणूस काउंटरवर पुरावे काढत उभा. ॲप पूर्णपणे भारतातलं, ग्राहक भारतातले. जन्मतारखेला वेळ नसते आणि झोनही नसतो. ती नुसती तारीख म्हणून ठेवायची.

‘आयएसटी’बद्दल फार लिहीत नाही. ती अक्षरं भारताची आहेत, इस्रायलची आहेत आणि आयर्लंडचीही आहेत. जावा ही प्रोग्रामिंग भाषा ‘आयएसटी’चा अर्थ कोलकाता असा घेते. पोस्टग्रेस या माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळच्या यादीत मात्र ते इस्रायल आहे, +२. भारताची हवी तर ‘इंडिया’ नावाची वेगळी यादी निवडावी लागते. एकाच ॲपच्या दोन थरांत साडेतीन तासांचा फरक. ‘एशिया/कोलकाता’ असं पूर्ण नाव लिहा. जुनं ‘एशिया/कॅलकटा’सुद्धा चालतं, तेव्हा नुसती अक्षरं जुळवून तुलना करू नका.

राहिला डेटाबेस. होय, त्यामागचं बरंचसं काम स्वयंसेवकांचं आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ते सुरू केलं, पॉल एगर्ट आज सांभाळतात, आणि २०११ पासून इंटरनेटचे पत्ते-क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली ते चालतं. तुमचा फोन, लिनक्स, जावा, सगळे त्यांच्याच जिवावर वेळ सांगतात. त्यांना हौशी म्हणून हिणवणं मला अजिबात सहन होत नाही. लेबनॉनच्या गोंधळात त्यांनी २३ मार्चला एक आवृत्ती काढली आणि २८ मार्चला ती मागे घेणारी दुसरी.

आणि नियम क्वचित बदलतात? मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. इजिप्तनं २०२३ मध्ये ती परत आणली. कझाकस्ताननं १ मार्च २०२४ ला सगळा देश एका वेळेवर आणला, पराग्वेनं त्याच वर्षी उन्हाळी वेळ कायमची केली. अमेरिकेनं २००७ पासून उन्हाळी वेळेच्या तारखा बदलल्या तेव्हा कायदा २००५ सालीच झालेला होता, तरी २००७ च्या फेब्रुवारीत आम्ही रात्री जागून सर्व्हरवर पॅच टाकत होतो. शिवाय या डेटाची प्रत एका जागी नसते. ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी, जावाची वेगळी, बऱ्याचदा पोस्टग्रेसची आणि ब्राउझरचीही वेगळी. एक अपडेट केली आणि दुसरी राहिली की एकाच नोंदीची दोन उत्तरं मिळतात. वर्षभर जुनी कंटेनर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली गोठवलेली प्रत) चालवणाऱ्यांनी आधी तेवढं तपासावं.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं काल आठवणींच्या टेबलात स्थानिक वेळेचा आणि झोनच्या नावाचा रकाना घातला, आणि माणूस दुसऱ्या झोनमध्ये गेला की ‘गोळी इथल्या सकाळी की पुण्याच्या?’ असं विचारणारी एक खिडकीही. त्याचं उत्तर औषधागणिक वेगळं असतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवायचंय. जन्मतारखेच्या रकान्यातली मध्यरात्र अजून काढायची आहे. त्यासाठी ती शनिवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येणार आहे.