खुलासा : लष्करी सेवापुस्तिका म्हणजे परवाना नव्हे

‘परदेशी माजी सैनिकांनी दुसऱ्या देशात सिक्युरिटी एजन्सी काढली, की तिथला कायदा त्यांना लागत नाही,’ असा मेसेज फिरतोय. साफ चूक. ही समजूत बहुधा इराकमुळे रुजली. तिथे अमेरिकेच्या नेतृत्वाखालील हंगामी प्रशासनाच्या २००४ च्या आदेश क्रमांक १७ ने परदेशी कंत्राटदारांना इराकी खटल्यांपासून संरक्षण होतं, तेही कंत्राटाच्या कामापुरतंच. २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी मेले, आणि २००९ च्या सुरुवातीला हे कवच गेलं. भारतात तर खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार कंपनीचा बहुमताचे शेअर असलेला भागधारक परदेशी असेल तर परवान्यासाठी तिचा विचारच होत नाही. मग छातीवर कितीही पदकं असोत. आणि मेसेजमध्ये ज्याचा दाखला दिलाय तो २००८ चा मॉन्त्रो दस्तऐवज, म्हणजे युद्धकाळातल्या खासगी लष्करी आणि सुरक्षा कंपन्यांबाबतचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज? तो बंधनकारक नाही, परवाना तर नाहीच नाही.