दोनशे विजा आणि एक कांदा

ज्या माणसाने 'फायनल फँटसी टेन' या व्हिडिओ गेममधलं विजांचं मैदान तयार केलं, त्याला मला एकदा संध्याकाळी साडेसहाला नाशिकच्या द्वारका सर्कलच्या मधोमध उभं करायचंय. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. फक्त म्हणायचं, आता दोनशे गाड्या चुकव. सलग. एक जरी चाटून गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि किती झाल्या ते आम्ही सांगणार नाही, तुझं तू मोज.

कारण गेममध्ये अगदी हेच आहे. गेम मूळचा २००१चा. मी खेळतो ती पीसीवर २०१६मध्ये आलेली आवृत्ती. तीत चेहरे उजळलेत, छळ जुनाच आहे. थंडर प्लेन्स नावाचं एक माळरान आहे आणि तिथं पाऊस कधी थांबत नाही. पडदा पांढरा झाला की डोळा लवायच्या आत बटण दाबायचं, मग आपला हिरो उडी मारून वाचतो. सलग दोनशे विजा चुकवल्या की तिथल्या मुक्कामाच्या जागेबाहेर पेटीत एक शिक्का मिळतो. तो शिक्का लुलू नावाच्या जादूगारणीच्या हत्याराला लावायचा. या बाई लढताना बाहुल्या वापरतात आणि त्यांच्या सर्वात भारी बाहुलीचं नाव आहे ओनियन नाइट. कांदा-सरदार.

नाशिक जिल्ह्यात राहून कांद्यासाठी विजा चुकवणारा मी पहिलाच असेन, असं म्हणणार होतो. पण अवकाळीत शेतातला कांदा झाकायला धावणारे आठवले आणि गप्प बसलो.

जाणकार सांगतात की मैदानाच्या दक्षिण भागात एक खड्डा आहे. त्यात उतरून बाहेर आलं की वीज हमखास पडते, म्हणजे ताटकळत बसायला नको. सिंहस्थाच्या तयारीसाठी निम्मं शहर खणून ठेवलेलं असताना मी दारं लावून, पंखा फुल करून, आणखी एक खड्डा शोधत होतो. सापडला. गेमवाल्यांचा खड्डा निदान कामाचा तरी निघाला.

असल्या वस्तू मिळवायच्या अटी कोण ठरवतं, हा माझा जुना प्रश्न आहे. याच गेममध्ये मोठ्या पक्ष्यावर बसून एक शर्यत आहे. तिची वेळ शून्य मिनिटं शून्य सेकंद यायला हवी. फुगे पकडले की प्रत्येकी तीन सेकंद वजा, आडवे येणारे पक्षी धडकले की तीन सेकंद अधिक. म्हणजे निघालात तेव्हाच पोचलेलं असायचं. याच्या आधीच्या, नवव्या भागात एक तलवार आहे, ती बारा तासांच्या आत जवळजवळ शेवटापर्यंत पोचणाऱ्यालाच मिळते. म्हणजे इतक्या कष्टाने लिहिलेली गोष्ट न वाचता, न बघता पळत सुटायचं. तिथंच दोरीवरच्या हजार उड्याही आहेत. आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या दुसऱ्याच गेममध्ये ९०० बिया गोळा करायच्या असतात. सामान ठेवायची जागा पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात, तरी काही महाभाग सगळ्या शोधतात. त्यांना शेवटी काय मिळतं? सोनेरी रंगाची, पो घातल्यासारखी एक वस्तू. मला विचाराल तर या सगळ्यांत प्रामाणिक बक्षीस तेच आहे.

असो. तर त्या रविवारी बायकोचे मामा निफाडहून आले होते. सोमवारी डोळे तपासायचे होते, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून सोबत उन्हाळ कांद्याची गोणी. बायको आणि सासूबाई कॉलेज रोडला गेल्या. घरात मी, मामा आणि गोणी. मामासासरे आणि भाचीजावई हे नातं मोठं अवघड आहे. त्यांना मला "बंद करा तो खेळ" म्हणता येत नाही, मला त्यांना "जरा गप्प बसता का" म्हणता येत नाही. दोघं एकमेकांच्या मानापानाचे कैदी.

मी दीडशेच्या पुढे गेलो होतो. मामांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "जावईबापू, ह्या पोराच्या चड्डीचा एक पाय आखूड का हो शिवलाय?"

आखूड आहे. हिरोचा पोशाखच तसा आहे. इतक्या वर्षांत हे माझ्या डोळ्यांना कधी खुपलं नव्हतं. मी त्या पायाकडे बघितलं आणि त्या पायावरच वीज पडली.

"मेला का?"

"नाही मामा. पण सगळं पहिल्यापासून."

"मंग वाचला ना! देवाची कृपा."

मी पुन्हा खड्ड्यात उतरलो. मामा आता सरसावून बसले होते.

"पाणी तर चिक्कार पडतंय. जमीन पडीक का ठेवलीय?"

"माळरान आहे मामा ते."

"आणि हे मनोरे कशाचे?"

"वीज ओढून घ्यायला."

"मंग त्याच्याखाली जाऊन उभा राहा म्हणा त्याला."

"तिथं वीज पडत नाही."

"मी तेच तर म्हणतोय!"

यावर उत्तर नव्हतं. म्हणून मी सगळं समजावून सांगायचं ठरवलं. एकदा कळलं की शांत बसतील, असा अंदाज होता. दोनशे विजा चुकवायच्या, मग पेटी, मग शिक्का, मग हत्यार. "आणि हत्यार म्हणजे मामा, कांदा."

मामांनी बशी खाली ठेवली.

"कांदा?"

"एक प्रकारचा."

"किती?"

"एक."

"एक क्विंटल?"

"एक नग."

मामांनी छताकडे बघत हिशेब केला. दोनशे विजांना एक नग. "परवडत नाही," ते म्हणाले. "आणि हा कांदा ह्या पोराचा?"

"नाही, त्या बाईंचा. पट्ट्यापट्ट्यांचा काळा झगा घातलेल्या."

"मंग ती का पळत नाही?"

हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत तिकडे जपानात कुणी तरी विचारायला हवा होता. लुलूबाई आरामात आहेत. हत्यार त्यांचं, ताकद त्यांची, आणि उड्या मारतोय तो आखूड चड्डीवाला.

"आणि शिक्का लागला की मिळाला कांदा?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण सवयीने खरं सांगून बसलो. की नुसता शिक्का पुरत नाही. आधी एका देवळापाशी पक्ष्याची शर्यत जिंकून धुरकट आरसा मिळवायचा, तो जंगलात नेऊन लख्ख करून घ्यायचा. शिवाय एक चिन्ह लागतं, ते परलोकात पडलेलं आहे. बाहुली स्वतः एका बुडालेल्या देवळापाशी पाण्याखाली आहे आणि तिथल्या राक्षसाला आधी मारावं लागतं. मग बाहुली, आरसा, चिन्ह आणि शिक्का असं सगळं घेऊन पुन्हा त्याच जंगलात जायचं. तेव्हा कुठं तिची बंधनं सुटतात आणि ९,९९९वर अडकलेला मार ९९,९९९पर्यंत जाऊ शकतो.

मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं काही उमटलं. "म्हंजे सातबारा, आठ-अ, पीक पाहणी, मग सही, मग शिक्का. आणि परलोकातलं म्हंजे वारसनोंद. सरळ सांगा की मंग!"

खेळाकडे ते आदराने बघायला लागले ते त्या क्षणापासून. आणि तिथूनच माझं वाटोळं झालं. कारण दुर्लक्ष करणारा माणूस परवडतो, मदत करणारा परवडत नाही.

आधी त्यांनी फोन काढला. त्यात 'दामिनी' ॲप होतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं, वीज पडायच्या आधी इशारा देणारं. शेतावर असताना मामा ते सतत बघतात. आता ते सोफ्यावर बसून ॲप उघडून म्हणाले, "इथं तर वीस किलोमीटरपर्यंत काहीच दाखवत नाही." मी म्हटलं, "मामा, ती वीज गेममधली आहे." "माहितीये हो," ते म्हणाले, "पण खात्री केलेली बरी." त्यानंतर दर थोड्या वेळाने मला नाशिक परिसरात वीज पडण्याची शक्यता नाही, अशी वार्ता मिळत राहिली. माझ्या पडद्यावर लख्ख उजेड, सोफ्यावरून "निरंक".

मग म्हणाले, "तुम्ही उड्या मारा, मोजायचं माझ्याकडं."

माझ्याही मनात आलं, बरंय की. मोजणं हाच या प्रकारातला खरा जाच. बोटं एकदा सरावतात, डोकं सरावत नाही. साठच्या आसपास आपण सिलिंडर बुक केला का, या विचारात जातो आणि परत येतो तेव्हा सत्तर झालेत की ऐंशी, देव जाणे. मामांनी उभी हयात पोती, पाट्या, ट्रॉल्या मोजल्यात. त्यांनी सुरुवात केली ती 'लाभ'ने. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. आवाज खणखणीत, लय पक्की. मी खड्ड्यात जातोय, बाहेर येतोय, वीज पडतेय, मामा आकडा टाकतायत. खरं सांगतो, त्या विजांच्या मैदानात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि मामांचा फोन वाजला.

"हां, बोल... काय निघाला?... बाराशे?... अरे परवा तर पंधराशे पुकारला होता!... गोल्टी नव्हं, मी चांगल्या मालाचं इचारतोय..."

मी उड्या मारत होतो. लिलाव लांबला. कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा नंबर मागे गेला होता आणि कुणाच्या तरी मालाला कोंब आले होते. शेवटी फोन बंद झाला.

"मामा, कितीवर आलो?"

"बाराशे."

"मामा, विजा!"

"विजा होय." त्यांनी डोळे मिटले. "नव्वद असतील."

"असतील?"

"नव्वद-पंच्याण्णव. शेकड्यामागं पाच इकडंतिकडं होणारच जावईबापू. घट धरायची."

विजेत घट धरायची! मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे अगदी निर्मळपणे बघितलं. मागे पडद्यावर कडकड झाली.

एवढ्यावर थांबले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण भाव ऐकून मामांचं बिनसलं होतं. "तुमच्या त्या खेळात निदान नियम तरी एकच आहे," ते म्हणाले आणि सुरू झाले. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. त्याच वर्षी ८ डिसेंबरला थेट बंदी. मार्चअखेर उठेल म्हणाले, तर मार्चमध्येच ती आणखी लांबवली. ४ मे २०२४ला उठली, तर वर किमान दराची अट आणि चाळीस टक्के तसेच. सप्टेंबरमध्ये वीस. १ एप्रिल २०२५ला गेलं एकदाचं, तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकांनी दुसरी दुकानं धरलेली. "दोनशे म्हणाले तर आम्ही दोनशे चुकवू हो. पण शंभरावर आल्यावर सांगायचं की आता तीनशे, ह्याला काय म्हणायचं?"

याला काय म्हणायचं ते मलाही माहीत आहे. पटलंच होतं मला सगळं. आणि म्हणूनच राग आला. ज्या घरात शेतकरी बसलाय तिथं दुसऱ्या कुणाला गाऱ्हाणं करायची सोय नाही. माझं दुःख एका खोट्या कांद्याचं, त्यांचं खऱ्या कांद्याचं. तराजूत टाकायचीही गरज नाही. पण माझा रविवार तर खरा होता ना? सोमवार ते शनिवार अंबडच्या एका कारखान्यात मी दुसऱ्यांच्या विजा चुकवतो. आणि मामा स्वतः क्रिकेटची मॅच असली की दिवसभर टीव्हीसमोरून हलत नाहीत. ती अकरा माणसं पळून मामांना किती क्विंटल मिळतात, हे मी कधी विचारलं नाही. बघणाऱ्याला छंद म्हणतात, खेळणाऱ्याला रिकामटेकडा.

बायको आली तेव्हा मामांनी तिला सांगितलं, "जावई फार मेहनती आहे हो. एका कांद्यासाठी बघ किती करतोय." तिने गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेबद्दल मी इथं लिहिणार नाही. रात्री मात्र म्हणाली, "मामांशी नीट बोलत जा ना, त्यांना किती कौतुक आहे तुझं."

शिक्का शेवटी मिळाला. मामा निफाडला परत गेल्यावर, कागदावर पाच-पाचाच्या रेघा ओढून, फोन बंद ठेवून. तोवर बाकी सगळं जमवून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच रात्री कांदा-सरदार पूर्ण झाला. आता लुलूबाई कुठलाही मंत्र एका एमपीत, म्हणजे जादूच्या ताकदीचा एकच गुण खर्चून टाकतात. गंमत अशी की गेमच्या या टप्प्यावर बाकीच्यांचे साधे घाव इतके जबरी बसतात की बाईंना मैदानात उतरवायची वेळच येत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. गावात बहुतेक सगळ्यांना कळलेलं होतं, मागून आवाज येत होते.

"निघाला का कांदा?"

"निघाला मामा."

"अरे वा! आता घाई करू नका. चाळीत ठेवा. पोळ्यापर्यंत थांबा, भाव चढेल."

"मामा, तो विकता येत नाही. गेममध्ये तशी सोयच नाही."

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग मामांनी फोन बाजूला धरून पारावरच्या मंडळींना ओरडून सांगितलेलं मला इकडे स्वच्छ ऐकू आलं.

"अरे, तिथंबी बंदीच हाये!"