टीव्ही मेला म्हणणाऱ्या माझ्या पेठेला

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय, की निवडणूक जाहिरातींचे नियम टीव्हीसाठी होते, आता टीव्ही बघतंय कोण, सगळं मोबाईलवर, मग कशाला डोकं लावायचं. एकानं तर लिहिलं, "टीव्ही मेला रे भावा." वाचून खरंच राग आला, कारण इथं अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या बक्स काउंटीत, मी उलटंच बघतोय. टीव्ही मेला नाही, त्याला आता घर ओळखता यायला लागलंय.

२०२४ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या चॅनेलवर बातम्या लावल्या की ब्रेकमध्ये नुसते उमेदवार, पण ती जाहिरात सगळ्यांना सारखीच, त्यामुळं वावा नावाच्या इथल्या दुकानात कॉफी घेताना कोणी चिडून बोलला तर मलाही कळायचं कशावर चिडलाय. इथल्या २००२ च्या कायद्यानं टीव्हीवर केंद्रीय निवडणुकीच्या उमेदवाराला स्वतः सांगावं लागतं की ही जाहिरात मला मान्य आहे, आणि कुणी किती पैशाला वेळ घेतली ते स्टेशनला एफसीसीच्या, म्हणजे प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सगळ्यांना बघता येणाऱ्या पब्लिक फाइलमध्ये टाकावं लागतं. स्ट्रीमिंग अ‍ॅपला त्या फाइलचं बंधन नाही. तिथं मतदार यादी आणि पत्ता जुळवून एकाच गल्लीत या घराला टॅक्सची जाहिरात, त्या घराला गर्भपाताची. डिश आणि डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपन्या तर घर निवडून राजकीय जाहिराती २०१४ पासूनच विकायला लागल्या होत्या.

आपल्याकडं भारतात २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी प्रमाणपत्र लागतं, पुढं निवडणूक आयोगानं ते सोशल मीडियालाही लावलं. अमेरिकेत असलं काही नाही, मी इथल्या लोकांना हे अभिमानानं सांगतो. पण प्रमाणपत्र बघतं जाहिरातीत काय आहे ते. कोल्हापुरातच कदमवाडीत कुठली दाखवली आणि नागाळा पार्कात कुठली, हे पेठेतल्या माणसाला कोण सांगणार?

लोकल केबलच्या खालच्या पट्टीत उमेदवाराचा फोटो फिरायचा तेव्हा अख्खी पेठ तोच बघायची आणि दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर त्याची सालटी निघायची, खोटं असलं तर तिथंच पकडलं जायचं. बिंदू चौकात या समोरासमोर, असं आव्हान देणारं आपलं गाव, पण शेजाऱ्याला काय सांगितलंय तेच माहीत नसेल तर आव्हान द्यायचं कशावर?

आता मनातलं सांगतो. शेजारच्या घरी तीन मतदार, त्यांच्या स्ट्रीमिंगला दर ब्रेकला उमेदवार. आमच्याकडं तेच अ‍ॅप, तर गाडीचा इन्शुरन्स. ग्रीन कार्डवाल्याचं घर, मतदार यादीत नाव नाही, म्हणून गाळलं असणार. टॅक्स भरतो, पोरं इथल्या शाळेत, स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जातो, तरी. जुना टीव्ही निदान सगळ्यांच्यात धरायचा मला. लागलं ते मनाला.

आणि तिकडं बोललो तर "तू तिथं बसून शिकवू नको." शिकवत नाही बाबांनो. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, परदेशातला मतदार म्हणून यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः बूथवर यावं लागतं, आणि ७ मे २०२४ ला, कोल्हापूरच्या लोकसभा मतदानाला, मला रजा मिळाली नाही. त्या दिवशी तुमचे शाई लावलेल्या बोटांचे फोटो एकेक करून बघितलेत मी. म्हणून बोलणारच. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की एवढं विचारा, साहेब, आमच्या टीव्हीवर जे दाखवलं तेच पलीकडच्या गल्लीत दाखवलं काय, आणि काय उत्तर देतोय ते ग्रुपवर टाका.