'दोन्हीकडचा डेटा एकदमच कसा बिघडला?' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या पॅकहाऊसचा डेटाबेस आम्ही सांभाळतो, त्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की मुंबई आणि हैदराबाद अशा दोन ठिकाणच्या डेटाचे पैसे घेता, तरी ऐन द्राक्ष हंगामात दोन्हीकडचे लॉट नंबर एकदमच बिघडले, परत आणायला अख्खी दुपार गेली, आणि वर दर तिमाहीला 'रिस्टोअर टेस्ट'चं, म्हणजे बॅकअप परत उघडून बघण्याच्या चाचणीचं, बिल लावता. उत्तराला लागेल तेवढंच बोलतो, पॅकहाऊसचं बाकी काही इथे उघड करणार नाही.

दोन्हीकडचे बिघडले, कारण रेप्लिका, म्हणजे हैदराबादची आपोआप जुळत राहणारी प्रत, तिचं काम चोख करत होती. मुंबईच्या डेटाबेसमध्ये जे लिहिलं जातं ते काही क्षणांत हैदराबादला पोहोचतं. बरोबर की चूक, हे ती बघत नाही. एक्सेलची फाईल कॉलम सरकून इम्पोर्ट झाली, तीही इमानेइतबारे तिकडे गेली. मुंबईचं रीजनच, म्हणजे तिथली सगळी डेटा सेंटर्सच, बंद पडलं तर हैदराबादची प्रत मुख्य करून काम चालू ठेवायचं, रेप्लिका एवढ्यासाठीच. माणसाच्या हातून झालेल्या गडबडीवर इलाज बॅकअपचा.

आणि तुमचा डेटा परत आला तो बॅकअपमधूनच. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस ठेवता येतात, शिवाय दर 5 मिनिटांनी ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदी, साठवले जातात. म्हणून इम्पोर्टच्या आधीची नेमकी वेळ सांगून डेटाबेस परत मागता आला. पण तो जुन्यावर बसत नाही, शेजारी नवा उभा राहतो. त्याला नेटवर्कचे नियम जोडायचे, ॲप तिकडे वळवायचं. डेटा डिस्कवर मागाहून येत राहतो, त्यामुळे सुरुवातीला क्वेरी रखडतात. त्याहून जास्त वेळ ताळा करण्यात गेला. इम्पोर्टनंतर तुमच्या माणसांनी टाकलेल्या खऱ्या नोंदी वेगळ्या काढून पुन्हा चढवायच्या होत्या. लॉटनिहाय वजनं काट्याच्या पावत्यांशी जुळेपर्यंत पॅकिंग लिस्ट काढू द्यायची नाही, हा निर्णय माझा. गेटवर कंटेनर उभा होता, तुम्ही फोनवर तापला होता, सगळं कबूल. पण चुकीच्या लॉटचा माल न्हावा शेवाला गेला असता तर युरोपच्या खरेदीदाराला काय दाखवलं असतं? आज विचारलंत तरी मी तेच करीन.

आता टेस्टचं बिल. प्रोग्रामरचा कोड ऑनलाइन सांभाळणारी गिटलॅब ही केवढी मोठी कंपनी. जानेवारी 2017 च्या अखेरीस त्यांच्या इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसचं फोल्डरच पुसलं गेलं. बॅकअपची सोय होती, पण व्हर्जन न जुळल्याने रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) फेल होत होता, बकेट (बॅकअप ठेवायची ऑनलाइन जागा) रिकामी होती, आणि फेल झाल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. हे त्यांनीच जाहीर केलं. एकाने दुसऱ्याच कामासाठी आधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काढून ठेवला होता, म्हणून सुमारे 6 तासांचाच डेटा गेला. आमच्या टेस्टमध्ये बॅकअप वेगळ्या अकाउंटवर खरोखर उघडतो, नोंदी मोजतो, किती वेळ लागला ते लिहितो. बिल त्या तात्पुरत्या सर्व्हरचं आणि माणसाच्या वेळेचं आहे. रिपोर्ट दर वेळी तुमच्या अकाउंटंटना मेलवर जातो.

खर्च कमी करायचाच असेल तर रेप्लिका काढा आणि हैदराबादला रोजची स्नॅपशॉट कॉपी ठेवा. मुंबई बंद पडली तर मात्र उभं राहायला काही तास लागतील, हे धरून चाला. बॅकअपला हात लावू नका. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि 2022 पासून हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानेच लागतं. तुमच्या सीएंना विचारून घ्या.

पुढची टेस्ट ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास आहे. ऑपरेटरला घेऊन कॉलेज रोडच्या ऑफिसला या, समोर बसून बघा. इम्पोर्टचा अधिकार कोणाकडे ठेवायचा तेही त्याच दिवशी ठरवू. त्याबद्दल मेलवर कळवलंय.